पेन्शनींत निघालेल्या रायफली



पेन्शनींत निघालेला मास्तर बोलावयास बसला, कीं तो मुलांच्या शिस्तीवर नाहीं तर शुद्धलेखनावर बोलणार, अशी ऐकणाऱ्यांची खात्री असते. आज मी हे दोन्ही विषय टाळणार आहें. माझ्यासारख्याच पेन्शनींत निघालेल्या, पण लांकडाच्या व पोलादाच्या, कांहीं वृद्धांविषयीं मला आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

गेल्या शतकांतील दोन महायुद्धांत बहुतेक देशांच्या पायदळाच्या खांद्यावर बोल्टची रायफल होती. इंग्रजांची ली-एन्फील्ड, जर्मनांची माउझर, रशियनांची मोसिन-नागान, जपान्यांची आरिसाका. नांवें निराळीं, पण जात एकच. आपल्या दाराला आंतून जसा बोल्ट असतो, तसाच हा. मूठ वर उचलावी, मागें ओढावी, म्हणजे उडालेलें रिकामें काडतूस बाहेर पडतें; पुढें लोटावी, म्हणजे पेटींतील नवें काडतूस नळींत शिरतें; खालीं पाडावी, म्हणजे दार लागलें. प्रत्येक गोळीमागें हाताला हें एवढें काम आहे. अशा रायफली कोट्यवधि घडविल्या गेल्या. पुढें आपोआप भरणाऱ्या रायफली आल्या, आणि निरनिराळ्या सरकारांनीं आपल्या जुन्या रायफली घट्ट ग्रीजमध्यें बुडवून गोदामांत ठेवल्या व कालांतरानें व्यापाऱ्यांस घाऊक भावानें विकून टाकल्या. ह्या मालाला तिकडे ‘सरप्लस’ म्हणतात. आपण त्याला फाजील माल म्हणूं. तो विकत घेणारा, जपणारा आणि रविवारीं चांदमारीवर नेऊन उडविणारा एक मोठा वर्ग अमेरिका, कॅनडा, इंग्लंड वगैरे देशांत आहे, हें मला ऐकून माहीत होतें. त्या वर्गांत माझा एक विद्यार्थी असेल, हें मात्र माहीत नव्हतें.

दोन वर्षांपूर्वीं मी कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत त्याच्याकडे कांहीं दिवस राहिलों. शाळेंत असतांना हा मुलगा छात्रसेनेंत होता, आणि छात्रसेनेचें काम माझ्याकडे असल्यामुळें .२२ बोअरच्या रायफलीवर नेम धरावयास त्याला मींच शिकविलें होतें. तेव्हां ह्या प्रकरणांत मी अगदींच निर्दोष आहें असें नाहीं. त्यानें मला तळघरांत नेलें. तेथें एक लोखंडी कपाट होतें. त्यांत दोन रायफली उभ्या होत्या, आणि दोहोंनाहि बोल्ट नव्हते.

“बोल्ट कोठें आहेत?” मीं विचारलें.

“ते हिच्याकडे असतात, सर,” तो म्हणाला, आणि हंसला.

त्याची पत्नी मागें जिन्यांत उभी होती. ती हंसली नाहीं.

ह्याचा उलगडा मला रात्रीं जेवतांना झाला. कॅनडांत बंदुकीचा परवाना मागावयाचा, तर सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करून लेखी व प्रत्यक्ष अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिल्याच वेळीं अर्ज करणाऱ्यास निदान २८ दिवस थांबावें लागतें. आणि अर्जावर पतीची किंवा पत्नीची सही मागतात. ती नसेल तर अधिकारी स्वतः तिला कळवितात, म्हणजे तिला कांहीं सांगावयाचें असल्यास सांगतां यावें. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला. घरांतील माणसाला जें ठाऊक असतें तें पोलिसांच्या दप्तरांत नसतें. ह्या बाईंनीं सही केली, पण अट घालून. रायफल घरांत ठेवतांना ती रिकामी असावी, आणि तिला कुलूप घालावें, बोल्ट काढून ठेवावा, किंवा ती कुलुपबंद कपाटांत ठेवावी, असें कायदा सांगतो. बाईंनीं ठरविलें कीं कपाटहि हवें आणि बोल्टहि वेगळे हवेत, आणि त्या डब्याची किल्ली माझ्याजवळ राहील.

“सर,” ती मला म्हणाली, “नाणीं जमवावीं, तिकिटें जमवावीं, तें मी समजूं शकतें. पण हें माणसें मारण्यासाठींच केलेलें यंत्र आहे. ह्यानें कोणी मेलेलें असेल काय, असें मीं ह्यांना विचारलें, तर म्हणतात, ठाऊक नाहीं. मग तें घरांत ठेवून करावयाचें काय?”

मास्तराला लगेच उत्तर देण्याची खोड असते. त्या दिवशीं मला ती आवरावी लागली, कारण मजजवळ उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं त्यानें त्या दोन्ही रायफली मला नीट दाखविल्या. दोन्ही .३०३ बोअरच्या, आपले पोलिस जिला ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणत आले तीच. नळीच्या आंतील व्यास इंचाच्या ३०३ हजारांश, म्हणून हें नांव. एक रायफल १९४३ सालची, टोरॉन्टोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्यांतील, नंबर चार नमुन्याची. त्या कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ह्या नमुन्याच्या नऊ लाखांच्या आसपास रायफली झाल्या, आणि त्या करणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येनें होत्या. दुसरी रायफलहि १९४३ चीच, पण नमुना जुना, पहिल्या महायुद्धांतील. नळीच्या टोंकाशीं बोथट नाकाची. तिच्या मानेवरचें पोलाद त्यानें बोटानें पुसलें, आणि त्यावरील अक्षरें मीं चष्मा सरसावून वाचलीं. वर मुकुट, त्याखालीं जी. आर. आय., म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. आणि त्याखालीं ईशापूर.

कलकत्त्याजवळ हुगळीच्या कांठीं ईशापूर येथें, पूर्वीं जेथें दारू करीत त्या जागीं, ह्या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं रायफलींचा कारखाना निघाला. आपल्या देशाचें नांव मीं बासमतीच्या पोत्यावर परदेशांत पुष्कळ ठिकाणीं पाहिलें होतें. बंदुकीच्या मानेवर तें वाचून मन थोडें चमत्कारिक झालें. मुकुट इंग्रजांचा, पोलाद तासणारे हात आपल्या बंगाली कामगारांचे, खांदा कदाचित् आमच्या एखाद्या मराठा शिपायाचा, आणि आतां ती कॅनडांतील एका तळघरांत. १९५० नंतर त्याच कारखान्याच्या रायफलींवर मुकुटाऐवजीं अशोकाचे सिंह आले. १९६२ च्या चीनशीं झालेल्या युद्धानंतर तेथेंच हा जुना नमुना अधिक चांगल्या पोलादांत, ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठीं, पुन्हां घडविला गेला. त्याहि रायफली पुढें फाजील मालांत निघून हजारोंनीं अमेरिकेस गेल्या. ईशापूरच्या पुष्कळ रायफलींना पुढच्या लांकडांत आडवा एक जादा स्क्रू असतो. तिकडील संग्राहक तेवढ्यावरून रायफल हिंदुस्थानांतून आली हें दुरून ओळखतात.

ह्या रायफलीची मूळ कल्पना काढणारा जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडांत जन्मला आणि लहानपणीं ह्याच ऑन्टॅरिओंत, गॉल्ट नांवाच्या गांवीं, वाढला. पुढें तो अमेरिकेंत गेला, आणि १८७९ सालीं त्यानें रायफलीच्या पोटाखालीं बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीचें पेटंट घेतलें. त्याच्या बोल्टचा विशेष असा, कीं तो थोडाच फिरवावा लागतो आणि त्याची मूठ घोड्याच्या अगदीं जवळ येते. त्यामुळें सरावाचा हात फार जलद चालतो. पेटींत काडतुसें दहा, माउझरमध्यें पांचच. इंग्रज शिपायाला ३०० यार्डांवरील निशाणावर एका मिनिटांत १५ नेमाच्या गोळ्या उडविण्याची परीक्षा द्यावी लागे. १९१४ सालीं मॉन्सच्या लढाईंत जर्मनांना ह्या रायफलींचा मारा म्हणजे मशीनगनच वाटल्या, अशी गोष्ट इंग्रजी पुस्तकांत सांगतात. ती खरी असो वा इंग्रजांची आत्मस्तुति असो. मला आठवतात त्या १९१६ सालीं कुतच्या वेढ्यांत उपाशी पडलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमधील मराठा पलटणी. त्यांच्याहि हातांत ह्याच घराण्यांतील शस्त्र होतें, आणि तें त्यांना पोटभर भाकरी देऊं शकलें नाहीं.

आतां चांदमारीची हकीकत. कॅनडांत परवाना नसलेल्या माणसाला परवानेवाल्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीं गोळी झाडतां येते. म्हणून रविवारीं सकाळीं आम्ही निघालों. बाईंनीं डबा उघडून एकच बोल्ट मोजून दिला, ईशापूरचा. “एका वेळीं एकच,” ती म्हणाली. दुकानदार उधारीच्या वहींत लिहितो त्या स्वरांत.

शंभर मीटरांवर कागदी निशाणें होतीं. लाल बावटा चढला, सर्वांनीं कानांवर आवाज थोपविणारीं साधनें व डोळ्यांवर चष्मे चढविले. मी वाळूच्या पिशवीवर हात टेकून पालथा पडलों. ह्या वयांत पालथें पडणें सोपें असतें, उठणें अवघड. रायफल जवळजवळ चार किलो वजनाची. माशी खांचेंत आणून निशाणाखालीं टेकविली, श्वास अर्धा सोडला, आणि घोडा दोन टप्प्यांत मागें आला. काडतुसांत अकरा ग्रॅमांची गोळी, आणि ती नळींतून सुटते सेकंदाला सुमारें ७४० मीटर वेगानें. त्या मानानें तिनें खांद्याला मारलेली लाथ फार दुष्ट नव्हती. दांडग्या विद्यार्थ्यानें वर्गाबाहेर पडतांना धक्का द्यावा तशी. विद्यार्थ्याच्या पांच गोळ्या वाटीएवढ्या जागेंत बसल्या. माझ्या पांच ताटाएवढ्या जागेंत. ऐंशीं वर्षांच्या रायफलीचा त्यांत कांहीं दोष नव्हता.

मला स्वतःला गोळीपेक्षां बोल्टाचें काम अधिक आवडलें, हें कबूल केलें पाहिजे. तो मागें पुढें करतांना शिवणयंत्राच्या चाकासारखा तेलकट, गुळगुळीत आवाज होतो. आणि प्रत्येक वेळीं हात थांबतो, माणसाला क्षणभर विचार करण्यास वेळ मिळतो. आपोआप भरणाऱ्या बंदुकींत तो क्षणच काढून टाकलेला आहे. २०२० च्या मे महिन्यांत कॅनडा सरकारनें, नोव्हा स्कोशिया प्रांतांतील भयंकर हत्याकांडानंतर, लष्करी धर्तीच्या शेंकडों प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. त्या यादींत ही म्हातारी नव्हती.

दुपारीं एक प्रसंग घडला, तो सांगितलाच पाहिजे. त्याच्याजवळ जुन्या फाजील काडतुसांची एक पुडी होती. कोणाची, कोठली, तें कागदावरून पुसून गेलेलें. त्यांतील एक त्यानें घातलें, घोडा ओढला, आणि नुसतें ‘टिक्’ झालें. माझा हात आपोआप पुढें गेला, बोल्ट उघडून पाहूं म्हणून. “सर, हात मागें!” तो ओरडला. शाळेंत मी त्याच्यावर जसा ओरडत असें अगदीं तसा. आणि हें त्याचें वाक्य पुरें होतें न होतें तोंच गोळी सुटली. जुन्या काडतुसांतील टोपी ओलसर किंवा कमजोर झाली असली, कीं ठिणगी दारूपर्यंत रेंगाळत जाते. म्हणून नियम असा, कीं गोळी सुटली नाहीं तर रायफल निशाणाकडेच रोखून निदान तीस सेकंद स्तब्ध राहावयाचें. मीं बोल्ट उघडला असता, तर तें काडतूस त्याच्या तोंडासमोर फुटलें असतें. त्यानें उरलेलीं काडतुसें बाजूस काढून चांदमारीच्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केलीं, आणि त्यानंतर पांच मिनिटें आम्ही कोणी बोललों नाहीं.

शस्त्र जुनें म्हणून प्रेमळ होतें असें नाहीं. ही रायफल विकत घेतल्यावर पहिल्या गोळीपूर्वीं त्यानें ती कारागिराकडे नेऊन तपासून घेतली होती. बोल्टाचें तोंड व नळीचें बूड यांमधील फट इंचाच्या ६४ ते ७४ हजारांशांत असावी लागते. ती वाढली, तर काडतुसाचें पितळ फाटून तप्त वायु मागें डोळ्यांकडे येण्याची भीति. म्हणूनच बोल्टावर कोरलेला नंबर आणि रायफलीवरील नंबर जुळतो कीं नाहीं, हें आधीं पाहतात. ढिगांतला कोणता तरी बोल्ट कोणत्या तरी रायफलींत घालणें म्हणजे दुसऱ्याचे दांत बसविण्यासारखें आहे. केवळ कवाइतीसाठीं म्हणून बाद केलेल्या रायफलीहि बाजारांत येतात. त्या भिंतीवर शोभतात, उडवावयाच्या नसतात.

संध्याकाळीं घरीं आल्यावर त्यानें स्वयंपाकघरांत पाणी उकळत ठेवलें. मला वाटलें, चहा. तें रायफलीसाठीं होतें! जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर जो क्षार नळींत राहतो तो आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. पावसाळ्यांत मिठाची बरणी जशी पाझरते तसा तो हवेंतील ओल ओढून घेतो, आणि एका रात्रींत नळी गंजू लागते. तेल लावून उपयोग नाहीं. तेलांत मीठ विरघळत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणून आधीं उकळतें पाणी, मग दोरीनें चिंधी ओढून कोरडें करणें, आणि मग तेल. इंग्रज पलटणींत नळींत पाणी ओतण्यासाठीं मुद्दाम केलेलें नाळकें असे. बाई चहाचें आधण दुसऱ्या शेगडीवर ठेवीत होत्या. त्या त्याच्याकडे न पाहतां म्हणाल्या, “भांडें वेगळें आहे ना?” “वेगळें आहे,” तो म्हणाला.

चिंधी ओढतां ओढतां त्यानें मला एका डब्यांतून एक काडतूस दाखविलें. तें तो उडवीत नाहीं, नुसतें ठेवतो. त्याच्या बुडावर के. एफ. अशीं अक्षरें होतीं. हें म्हणजे आपली खडकी. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं स्थापन झाला, आणि तेथील .३०३ चीं काडतुसें ह्याच खुणेनें जगभर गेलीं. माझ्या वर्गांत कित्येक मुलें त्या कारखान्यांतील कामगारांचीं होतीं. भोंगा झाला कीं आम्ही घड्याळें लावीत असूं. त्या भोंग्याचा शेवट कोठें कोठें जाऊन होत असेल, हा विचार मीं कधींहि केला नव्हता.

रात्रीं बाईंचा प्रश्न पुन्हां निघाला. नवऱ्यानें बाजू मांडली ती बरी होती: हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, हाताळल्यावांचून तो वाचतां येत नाहीं. तो आरिसाकांचें उदाहरण देऊं लागला. १९४५ सालीं शरण आलेल्या जपानी सैन्याच्या रायफलींवरील बादशाही शेवंतीचें फूल पुष्कळ वेळां घासून टाकलेलें आढळतें. रणांगणावर हातीं लागलेल्यांवर तें शाबूत असतें. म्हणजे नुसत्या त्या फुलावरून रायफलीची अखेर कशी झाली याचा अंदाज येतो. शिकारीसाठीं ह्या रायफलींचें लांकूड कापून त्या हलक्या करणाऱ्यांवर तो फार रागावलेला होता. मी त्याच्याशीं सहमत झालों नाहीं. युद्धानंतर ज्या गरीब शेतकऱ्यानें थोडक्या डॉलरांत ली-एन्फील्ड घेतली, तिचें लांकूड कापलें आणि मूस मारून हिवाळ्याची बेगमी केली, त्यानें मला वाटतें तिचा सर्वांत चांगला उपयोग केला. उत्तर ध्रुवाकडील कॅनेडियन रेंजर्स, ज्यांत मूळचे इनुइट लोक पुष्कळ आहेत, १९४७ पासून सुमारें सत्तर वर्षें हीच रायफल वापरीत होते, कारण कडाक्याच्या थंडींत ती अडत नसे आणि समोर पांढरें अस्वल उभें राहिल्यास तिचा भरंवसा असे.

पण बाईंच्या बाजूसहि इतिहास होता, आणि तो मींच काढला. १९६३ सालीं एका माणसानें खोट्या नांवानें टपालाद्वारें इटालियन सैन्याची एक जुनी कार्कानो रायफल मागविली. दुर्बिणीसह किंमत १९ डॉलर ९५ सेंट. त्या वर्षींच्या २२ नोव्हेंबरला डल्लास येथें तिनें अध्यक्ष केनेडी यांचा प्राण घेतला. पांच वर्षांनीं, १९६८ सालीं, अमेरिकेनें रायफली टपालानें विकणें व परदेशी लष्करी फाजील रायफली आणणें हीं दोन्हीं बंद केलीं. जुन्या संग्राह्य रायफलींना दार पुन्हां किलकिलें झालें तें ऐंशींच्या दशकांत. ती कार्कानोहि म्हातारीच होती, तिलाहि प्रत्येक गोळीमागें बोल्ट ओढावा लागे, आणि विचार करावयाचा तो क्षण तिनेंहि दिला होता. माझा दुपारचा सिद्धांत तेथें मला परत घ्यावा लागला.

“आणि आपल्याकडे?” तिनें विचारलें.

आपल्याकडे हा छंदच नाहीं. १८७८ च्या कायद्यानें इंग्रजांनीं परवान्यावांचून हत्यार बाळगण्यास मनाई केली, शिवाय.३०३ हें लष्करी बोअर खासगी माणसाला नको, म्हणून निराळ्या काडतुसाची .३१५ ची शिकारी रायफल निघाली, अंगकाठी तीच ली-एन्फील्डची. १९५९ च्या आपल्या कायद्यांतहि .३०३ निषिद्धच राहिली, आणि ईशापूरनें आपल्या परवानेवाल्यांसाठीं .३१५ ची रायफल केली. आपल्याकडे म्हातारी पेन्शनींत निघाली नाहीं, ती नोकरींतच राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांजवळ स्वयंचलित रायफली होत्या, आणि आपल्या शिपायांच्या हातांत हीच. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तर तिला समारंभानें निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं. कॅनडांतील तळघरांत जी वस्तु छंद आहे, ती आपल्या शिपायाला ड्यूटी म्हणून दिली गेली होती, हें मीं बाईंना सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

निघण्याच्या आदल्या दिवशीं विद्यार्थ्यानें माझ्या पांच गोळ्यांपैकीं एका गोळीचें रिकामें पितळ आठवण म्हणून मला दिलें. तें मी आणूं शकलों नाहीं. आपल्या विमानतळावर खिशांत रिकामें काडतूस सांपडलें तरी माणसाला चौकशीस तोंड द्यावें लागतें. मीं तें सूनबाईंच्या हातांत ठेवलें. तिनें तें उलटें करून बूड पाहिलें, वर्ष वाचलें, आणि बोल्टच्या डब्यांत टाकून किल्ली फिरविली.